मिस चंपाचा आवाज

थेटरात नोकरी केली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पडद्यापुढच्या स्वस्त पिटातल्या ढेकणांसारखे ते आपोआप कपड्यांतून घरी येतात! आमचं नाशकातलं थेटर पत्र्याचं, त्यामुळे दोन्हींची पैदास जोरात. त्यातले हे एकाच सिनेमाचे ऐका.

मी तिथला पेटीमास्तर. मूकपटाच्या दिवसांत पडद्याखाली बसून पेटी वाजवायचो. शेजारी उभा राहून गणूअण्णा पडद्यावरच्या पाट्या मोठ्यानं वाचायचा, कारण पिटातल्या निम्म्या लोकांना अक्षरओळख नव्हती. मग बोलपट आला. शेठ म्हणाले, "आता पडदाच गातो आणि पडदाच बोलतो. तुम्ही दोघं दारावर तिकिटं फाडा."

"पण शेठ, माझी बोलायची सवय कशी जाणार?" अण्णानं विचारलं.

"तिकिटाशी बोल!"

*

एका रविवारी ऐन खेळात बोलपटाची वाचा बसली. आवाजाच्या मशीनचा व्हॉल्व्ह उडाला होता. पडद्यावर राजा तोंड उघडतोय, मिटतोय, आणि आवाज म्हणून नाही! पिटात शिट्ट्या सुरू झाल्या. अण्णाला राहवेना. तो धावत पुढे गेला आणि राजाच्या वतीनं गरजला, "प्रधानजी, सैन्य तयार ठेवा!"

इथवर ठीक होतं. मग राणी आली. ती बया बोलायची थांबेना आणि अण्णाला तर काही सुचेना. शेवटी घाम पुसत तो किंचाळला, "अहो, ऐकलंत का? घरातली डाळ संपलीय!"

लोक इतके हसले, की तिकिटाचे पैसे परत मागायचं विसरूनच गेले.

*

नवा व्हॉल्व्ह मुंबईहून यायचा होता. तोवर थेटराला कुलूप घालायची पाळी. तेव्हा आमचा ऑपरेटर युसूफभाई केबिनमधून जुने डबे घेऊन खाली आला. त्या डब्यांवर तो पाण्याचा माठ ठेवायचा. आत ‘नावाडीण’ नावाचा मूकपट होता. बोलपटांच्या गर्दीत आला, रिकाम्या बाकड्यांपुढे चालला आणि आपटला. ज्या कंपनीनं काढला तीही बुडाली, म्हणून डबे परत न्यायला कुणी आलंच नाही. शेठनी ते एका बांगडीवाल्याला द्यायचं कबूल केलं होतं. जुन्या फिल्मच्या तो बांगड्या करायचा.

"शेठ, एकदा लावून बघू. यातली बाई फार चांगली आहे," युसूफभाई म्हणाला.

"बोलते का?"

"मूकपट आहे, शेठ. कशी बोलेल?"

"मग चांगली असणारच!" शेठ म्हणाले. घरून शेठाणींचा निरोप आल्यामुळे ते त्या दिवशी तसेही चिडलेले होते.

*

गोष्ट साधीच. नदीवर नाव चालवणारी बाई. तिला टाकून गेलेला नवरा बऱ्याच वर्षांनी दुसरी बायको घेऊन तिच्याच नावेत बसतो आणि तिला ओळखतही नाही. नावाडिणीचं काम केलं होतं मिस चंपा नावाच्या नटीनं.

मी पेटीवर जय्यत तयारीत होतो. आता ही छाती पिटणार, केस सोडणार, मी भैरवी सोडणार! पण बाई रडेचना. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं, पदर खोचला आणि वल्हं मारायला लागली. नुसती पाठ दिसत होती तिची. त्या पाठीत काय होतं देव जाणे, अण्णा बोलायला म्हणून तोंड उघडून उभा राहिला आणि तसाच राहिला.

मी मात्र भैरवी दामटतच होतो. तेवढ्यात पिटातून आवाज आला, "ए पेटीवाल्या, गप की जरा! ती ऐकतीय ना त्याचं बोलणं!"

मी भाता मिटला. साऱ्या पिटानं टाळ्या वाजवल्या. पेटी बंद केल्याबद्दल मिळालेल्या माझ्या आयुष्यातल्या त्या एकमेव टाळ्या!

*

दुसऱ्या दिवसापासून थेटर फुल्ल. शेठ लगेच सांगत सुटले, "मला पहिल्यापासून ठाऊक होतं!" त्यांनी पेंटरला बोलावून दारावर नवा बोर्ड लावला: ‘आजपासून! संपूर्ण न बोलणारा बोलपट!’

बांगडीवाला ठरल्याप्रमाणे डबे न्यायला आला. शेठनी त्याला फुकटात आत बसवलं. खेळ संपल्यावर तो डोळे पुसत बाहेर आला आणि तडक चालायला लागला.

"अरे, डबे?" शेठ ओरडले.

"राहू द्या, शेठ. या बाईच्या बांगड्या करून कुणाच्या हातात भरू?"

*

मी आणि अण्णा व्हॉल्व्हचं पार्सल सोडवायला नाशिकरोड स्टेशनावर गेलो होतो. बाहेर टांग्यांच्या रांगेत एक बाई घोड्याला झापत होती. आवाज असा, की घोडाच काय, शेजारचा हवालदारही सरळ उभा राहिला. घोगरा, भरदार, खास पैलवानी! तिनं पदर खोचला आणि अण्णानं माझा दंड धरला. आम्ही दोघं खुळ्यासारखे बघत राहिलो.

"क्या हुआ, भाऊ?" ती म्हणाली. "टांगा पायजे, का नुस्तं तोंड बघायचंय?"

"तुम्ही मिस चंपा ना?" अण्णा कसाबसा म्हणाला.

ती हसायला लागली. तिचं नाव जैनब. कंपनीनं चंपा केलं होतं. आता भावाबरोबर टांग्यांचा धंदा बघत होती. मी विचारलं, "बाई, इतकं चांगलं काम करत होता, मग सोडलंत का?"

"मी कुठं सोडलं? बोलपट आला. आवाजाची परीक्षा घ्यायला सायबानं मला आत उभं केलं आणि आपण भिंतीमागं कानाला यंत्र लावून बसला. मी चार वाक्यं बोलले. तो तिकडनं वरडला, ‘या माणसाला बाहेर काढा, बाईला पाठवा!’"

ती पुन्हा हसली. आम्हाला मात्र हसता येईना.

‘नावाडीण’ तिनं कधी पाहिलाच नव्हता. तो मुंबईत लागला तेव्हा पोटापाण्यासाठी ती मुंबई सोडून इकडे भावाकडे आली होती. "बघायला या," आम्ही म्हणालो. "कुणाला सांगायचं नाय, या अटीवर येते," ती म्हणाली.

*

ती दुपारच्या, खास बायकांच्या खेळाला आली. बायकांत मिसळून अगदी पुढे, माझ्या पाठीमागे बसली. पडद्यावर स्वतःला पाहिलं मात्र, आणि तिचं तोंड सुरू झालं. "या खुदा, काय ही साडी!" "ही नाव गळकी होती, माझी कंबर भिजली!" आजूबाजूच्या बायका वैतागत होत्या.

शेवटच्या प्रसंगात नवरा निघून जातो. नावाडीण काठावर एकटीच बसून भाकरी खाते. घास काही गिळवत नाही. थेटरभर हुंदके.

"भाकर शिळी होती," जैनब म्हणाली. "दगडावानी!"

शेजारच्या काकू भडकल्या. "अहो बाई, गप्प बसा की! तिच्यावर काय बेतलंय, तुम्हाला काय कळणार?"

जैनब पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "खरंय, काकू. मला काय कळणार!"

दिवे लागले तेव्हा काकूंनी तिच्याकडे निरखून पाहिलं, कमरेचा रुमाल काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "पुसा डोळे. बघा, शेवटी तुम्हालासुद्धा रडवलंच की नाही तिनं!"