कॅलिपरचा सांधा

पोलिओमुळे माझ्या डाव्या पायाला लहानपणापासून कॅलिपर आहे. मांडीपासून बुटापर्यंत दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, गुडघ्यापाशी स्टीलची बिजागरी आणि वर-खाली चामड्याचे पट्टे. चाळीस वर्षं मी तो रोज चढवते-उतरवते, पण या सगळ्याला एकत्र कशानं धरून ठेवलंय, असा विचार कधी केला नव्हता. गेल्या वर्षी अंबरनाथला ऑफिसचा जिना उतरताना गुडघ्याजवळ कट्‌ असा आवाज झाला. बाहेरच्या पट्टीला चीर गेली होती.

दवाखान्यात नवी पट्टी बनायला तीन आठवडे लागणार होते. तेवढे दिवस घरी बसणं मला जमणारं नव्हतं. भाऊ मला स्कूटरवरून बुवापाड्यातल्या खिडक्यांच्या ग्रिल बनवणाऱ्याकडे घेऊन गेला. त्यानं कॅलिपर हातात घेतला आणि लगेच परत दिला. "मॅडम, हे लोखंड नाही. माझ्या मशीनवर वितळून जाईल. उल्हासनगरला जा." त्यानं पत्ता दिला.

विठ्ठलवाडी स्टेशनच्या बाजूला एका गाळ्यात पन्नाशीच्या एक सिंधी बाई वाइसपाशी, म्हणजे धातू घट्ट धरायच्या शिकंज्यापाशी, उभ्या होत्या. ओढणी कमरेला खोचलेली, चष्मा डोक्यावर. मी मालक कुठे आहेत विचारलं.

"मीच आहे. बसा, ताई. दाखवा."

त्यांनी चिरेवरून नख फिरवलं. मग म्हणाल्या, "जरा चालून दाखवाल?"

मी कॅलिपर तसाच चढवला आणि कुबड्यांच्या आधारानं गाळ्यात दोन फेऱ्या मारल्या. इतक्या लक्षपूर्वक माझं चालणं डॉक्टरांशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. मला संकोच वाटला नाही, याचंच नवल वाटलं.

"पाय बाहेर फेकता तुम्ही. सगळा झटका बिजागरीच्या या भोकावर येतो, म्हणून इथूनच फाटलं."

"मग वेल्डिंग करून टाका ना."

त्यांनी भंगारातून तशाच पट्टीचे दोन तुकडे घेतले, अ‍ॅल्युमिनियमच्या वेल्डिंग मशीनवर जोडले आणि थंड झाल्यावर वाइसमध्ये धरून हातोडा मारला. तुकडा मोडला, पण जोडावर नाही. जोडाला लागून, शेजारी.

"जोड पक्का आहे. पण आजूबाजूची पट्टी गरम होऊन नरम पडली. समझे ना?"

मी तो तुकडा कितीतरी वेळ हातात फिरवत बसले. जोडण्यामुळेच शेजारचं कमजोर होतं, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नसतं.

त्यांनी चिरेवर दुसरी पट्टी ठेवून रिबिटा, म्हणजे भोकात घालून टोक ठोकून पसरवायचे खिळे, मारायचं ठरवलं. बिजागरी सोडवल्यावर तिच्याखाली पांढरी भुकटी दिसली. ती मी वर्षानुवर्षं फडक्यानं पुसत आले होते. मला वाटायचं, मी अंगाला लावते ती पावडर असणार.

"पावडर नाही. स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना लागून, वर तुमचा घाम. मग अ‍ॅल्युमिनियम झिजतं." त्यांनी पट्टी घासून दोन्ही धातूंच्या मध्ये रंगाचा जाड थर दिला. तो वाळेपर्यंत मी प्रश्न विचारत राहिले. तांब्याला डाख, म्हणजे वितळवलेल्या कथलाचा जोड, कसा देतात, काचेला लोखंड कशानं चिकटतं. त्यांनी एकही प्रश्न हसून टाळला नाही. दोनदा म्हणाल्या, "हे मलाही माहीत नाही."

शेवटची रिबीट राहिली तेव्हा त्यांनी हातोडा माझ्यापुढे धरला. "पाय तुमचा आहे. मारा."

ती रिबीट मी वाकवली. त्यांनी ती काढली, दुसरी घातली. "मधोमध नका मारू. कडेकडेनं, गोल फिरत." मी तसं केलं. आधी आवाज ढप्प यायचा, मग एका ठोक्याला तो खणखणीत झाला. "बस. आता धरलं तिनं," त्या म्हणाल्या.

त्या पट्टीवर मी तीन आठवडे ऑफिसला गेले. मग दवाखान्यातली नवी पट्टी आली आणि ती जास्त हलकी होती, हेही खरं.

पण दर रविवारी मी विठ्ठलवाडीच्या त्या गाळ्यात जाऊ लागले, ती आजही जाते. भाऊ म्हणतो, तुला तिथे काय मिळतं? सध्या मी पितळेच्या समईची मोडलेली दांडी जोडतेय. डाख तीन वेळा धरला नाही. चौथ्यांदा कळलं, मी पितळ पुरेसं घासलंच नव्हतं.