सगळी पंगत माझ्यासाठी थांबली

मागच्या रविवारी आम्ही धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी करायला वसईला गेलो होतो. आई, बाबा, मामा, धाकटी आणि मी... मनवेलपाड्याहून दोन रिक्षा करून, नटूनथटून.

तसं सगळं ठरल्यातच जमा होतं. पत्रिका जुळली होती, दोघं बऱ्याचदा भेटली होती आणि धाकटीला तो मनापासून आवडला होता. त्याचं नाव निघालं की ती उगाचच चिडायची, आणि आम्ही मुद्दाम नाव काढायचो.

आता माझं सांगते. वय चौतीस. कॉलेजात कबड्डी खेळताना उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन झालं आणि काही वर्षांनी त्याच गुडघ्यात ऑस्टिओआर्थरायटिस सुरू झाला... म्हणजे सांध्यातली गादी झिजायला लागली. एक्स-रे बघून डॉक्टरांनी मला वय पुन्हा विचारलं होतं.

म्हणून मी काही घरात बसलेली नाही. रोज सकाळी सायकल चालवते, मांड्यांचे व्यायाम करते, गोखिवऱ्याला ऑफिसला जाते. हालचाल थांबवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. फक्त मांडी घालून बसायचं नाही.

आणि नेमकं तेच करायची वेळ आली. निघताना आईने मला बाजूला घेतलं. "आजचा दिवस खुर्ची मागू नकोस गं. त्यांना वाटेल, यांच्या घराण्यातच वात आहे." मला भयंकर राग आला होता. पण धाकटी आरशासमोर तिसऱ्यांदा टिकली बदलत होती... बरं म्हणून टाकलं.

वाडीतलं घर, मागे केळी आणि फुलझाडं. माणसं अगदी अगत्याची. शुभकार्याचं जेवण त्यांच्याकडे जमिनीवरच होतं. चटया अंथरलेल्या, केळीची पानं, वालाचं बिरडं, अळूवडी, शिरा. मांडी घातली तेव्हाच गुडघ्यातून कळ गेली, पण पाय लांब करणार कसा? समोर मुलाचे आजोबा बसलेले.

अर्ध्या जेवणात दुखायचं थांबलं. मला जरा बरं वाटलं... मग लक्षात आलं की पाय हलतच नाहीये. गुडघा अडकला होता.

एकेकाचं जेवण उरकत आलं. मला घाम फुटला. काहीच सुचेना, म्हणून मी भात मागितला. मग वरण. मग आणखी थोडं बिरडं. मुलाची आई खूश... "सावकाश होऊ द्या!" म्हणत वाढत राहिली.

माझा हिशोब सोपा होता. बाकीचे हात धुवायला गेले की भिंतीला धरून कशीबशी उठायचं. आमच्या फ्लॅटमध्ये ज्याचं होईल तो ताट उचलून सिंककडे पळतो. त्या घरात मात्र पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं होईपर्यंत पानावरून कुणी उठत नाही. हे कळलं तेव्हा माझ्या पानात पुन्हा भात पडला होता.

सगळे उष्टे हात धरून माझ्याकडे बघत बसलेले. आजोबांचा हात तर पार सुकला होता. मामा हसत म्हणाला, "अगं, पुरे की आता!" कुणीतरी म्हणालं, ताई खवय्या दिसतात, आणि सगळे हसले. मीही हसले.

शेजारी बसलेल्या धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनेच नको म्हणाले... पण ती बोललीच. "ताईचा गुडघा अडकलाय. तिला ऑस्टिओआर्थरायटिस आहे, तिला खाली बसता येत नाही. आम्ही आधी सांगायला हवं होतं."

सगळी पंगत एकदम उठली. मुलाच्या आईने आणि धाकटीने काखेत हात घालून मला उभं केलं. खुर्ची आली, तेल गरम करून आणलं. खोटं कशाला बोलू, त्या माणसांनी माझं सगळं मायेनं केलं.

फक्त मुलाच्या आत्याने हळूच विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का हे? मी सांगितलं, खेळातल्या दुखापतीमुळे झालंय. बाबांनीही पुन्हा समजावलं. आत्यांनी मान डोलावली. आई पदराशी चाळा करत खाली बघत राहिली.

बुधवारी फोन आला. पत्रिका दुसऱ्या गुरुजींना दाखवली, थोडी अडचण निघाली म्हणे. मुलाने धाकटीला एवढंच कळवलं की घरचे ऐकत नाहीत... त्यानंतर तो फोन उचलत नाही.

आई माझ्याशी बोलत नाही. खाली बसायला तूच सांगितलंस, असं तिच्या तोंडावर म्हणावंसं वाटतं. पण तिचा चेहरा बघवत नाही.

काल मी धाकटीची माफी मागायला गेले. डोळे सुजले होते तिचे. म्हणाली, "तो मला अजून आवडतो गं, म्हणून रडतेय. पण तू तिथे तशी बसलेली मला बघवलं नाही. आता पुढच्या स्थळाला हे आधीच सांगायचं. तूच लिही."

मला मिळाली तशी बहीण सगळ्यांना मिळो... तिला मात्र मी मिळाले.

तर, धाकटीसाठी स्थळ बघतोय. वय एकोणतीस, बी.कॉम., बँकेत नोकरी, सरळ स्वभाव... जरा जास्तच सरळ. मोठ्या बहिणीला गुडघ्याचा ऑस्टिओआर्थरायटिस आहे. जेवायला बोलावलंत, तर ती खुर्चीवर बसेल.