घोडी चघळत होती तो लगाम

"बाई, बोटं शाबूत हायेत न्हवं?" कोंडीबामामांनी मागून विचारलं.

शाबूत होती. चंद्री घोडीच्या तोंडात माझा हात मनगटापर्यंत गेला होता, पण तिला गुंगीचं हलकं इंजेक्शन दिलेलं होतं आणि जबडा मिटू नये म्हणून लोखंडी चौकट लावली होती. मी गुरांची डॉक्टर. भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत माझी नोकरी गेली. म्हशी किती तपासल्या त्याला गणती नाही, घोडे मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. त्यामुळे मामांचा प्रश्न जरा झोंबलाच.

गुंजवण्यापासून तासभर चढलं की धनगरांची ही वस्ती लागते. मामा इथलेच, सत्तरीचे. त्यांच्या देवाची चैत्रात यात्रा असते. पालखीपुढे मानाची घोडी चालते, देवळाला पाच फेऱ्या घालते आणि मग दारात उभी राहते. भंडारा, म्हणजे हळद, उधळून होईपर्यंत तिनं पाय हलवायचा नाही. घोडीचा मान मामांच्या घराकडे. आधीची मोठी घोडी म्हातारी होऊन गेली आणि दोन वर्षांपूर्वी हा मान चंद्रीकडे आला.

तेव्हापासून चंद्रीची एक खोड. मामा पाठीवर बसले की ती तोंडातला लगाम चघळायला लागायची. कडकड, कडकड. तोंडाला फेस, मानेला झटके. मागच्या यात्रेत तिसऱ्या फेरीला तिनं अशी मान उडवली की मामा गर्दीत पडले. मार फारसा लागला नाही, पण भावकीनं बैठक घेतली. यंदा घोडी नीट चालली नाही तर ती वरातीच्या घोडेवाल्याला विकायची.

"आई मेली तिची, तवा शेळीच्या दुधावर जगवलीया," मामा म्हणाले. "आन आता डीजेम्होरं नाचायला द्यायची? मला न्हाई बघवणार."

यात्रेला तीन आठवडे होते.

घोड्याच्या वरच्या दाढांना बाहेरून धार येते. ती गालाला लागते, जनावर तोंड वेडंवाकडं करतं. चंद्रीच्या दाढांना धार होती. मी लांब दांड्याच्या कानशीनं ती घासून काढली. मामांची सून सुमन बादली धरून उभी होती. ती काहीतरी बोलायला लागली, तेवढ्यात मी म्हटलं, "जरा बादली वर घे गं." तिनं बादली वर घेतली आणि गप्प झाली.

"झालं मामा. दातच होते. आठ दिवस लगाम घालू नका. मग बघा, गाय होईल तुमची घोडी."

उतरताना मी स्वतःवर भलतीच खूश होते. गुंजवण्यात एका घरी चहा घेतला आणि घोड्यांच्या दातांवर त्यांना व्याख्यान दिलं. ते आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

नवव्या दिवशी मोबाईलवर व्हिडिओ आला. पाठवणारे मामांचे पुतणे सदूभाऊ, घोडी विका म्हणणाऱ्यांत पहिले. व्हिडिओत मामा चंद्रीवर बसलेले आणि कडकड आधीपेक्षा जोरात. मागून सदूभाऊंचा आवाज: "मॅडम, ही गाय जरा बगा."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वर गेले. वस्तीवर पुरुषमाणूस कुणी नव्हतं. सुमन चंद्रीला झऱ्यावरून पाणी पाजून परत येत होती, आणि ती चालत नव्हती, घोडीच्या उघड्या पाठीवर एका अंगानं बसली होती. घोडीच्या तोंडात काही नाही, फक्त तोंडावरून बांधलेली सुताची म्होरकी. कान सैल, मान खाली, जबडा बंद.

मी आ वासून बघत राहिले. सुमन मला बघून घाईनं खाली उतरली.

"मामांना सांगू नका बाई. रागावत्याल."

"नाही सांगत. ही अशीच चालते? रोज?"

"व्हय की. म्होरकीवर कवा चघळत न्हाई ती. त्या दिशी त्येच सांगत हुते मी तुमास्नी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी बादली वर घ्या म्हनला."

मी म्हटलं, "लगाम आण बघू."

लगाम आतल्या खुंटीवर होता. पहिल्या दिवशी दात बघायला मीच तो उतरवला होता, मीच खुंटीवर टांगला होता आणि त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तो पितळी लगाम मामांच्या आज्याच्या वेळचा, देवाच्या नावानं ठेवलेला. यात्रेच्या महिनाभर आधी चिंच आणि राखेनं लखलखीत करायचा, घोडीवर सराव करायचा आणि यात्रा झाली की परत खुंटीवर. तोंडात आडवी जाते ती लगामाची कडी. चंद्री लहान चणीची, डोंगरी. मी सुतळीनं तिचं तोंड मोजलं, मग कडी मोजली. कडी चांगली तीन बोटं जास्त लांब होती. मोठ्या घोड्यांसाठी घडवलेली ती! मामांनी लगाम ओढला की ती एका बाजूला सरकायची आणि तिच्या दोन तुकड्यांमधला सांधा वर टाळ्याला टोचायचा. शिवाय इतक्या वर्षांत सांधा झिजून त्याला कंगोरा आला होता. मी त्यावर अंगठा फिरवला तर कातडं खरवडलं. घोडी चघळत कुठली, जिभेनं तो सांधा टाळ्यापासून लांब ढकलत होती बिचारी. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

संध्याकाळी मामा मेंढरं घेऊन आले. मी सगळं सांगितलं, आणि घोडी तोंडात काही नसलं की शांत असते हे सुमननं ओळखलं, तेही सांगितलं. तिच्या बसण्याबद्दल गप्प राहिले.

"लगाम बदलायचा?" मामांचा चेहरा पडला. "बाई, त्यो देवाचा हाय. माजा न्हाई. कौल घ्यावा लागंल."

कौल म्हणजे देवाच्या दोन्ही खांद्यांना तांदळाचा एकेक दाणा चिकटवायचा आणि प्रश्न विचारायचा. उजवा पडला तर होकार, डावा पडला तर नकार. दुसऱ्या सकाळी भावकी जमली. मामांनी हात जोडले. "देवा, तुजा लगाम काढून दुसरा घालू का?"

दाणा पडेना. ना उजवा, ना डावा. अर्धा तास गेला. सदूभाऊ म्हणाले, "देवाच्या मनात न्हाई. इका घोडी."

मला राहवलं नाही. सरकारी नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकले होते. मागणी रास्त असली तरी अर्ज पडून राहतो, कारण त्याचा मजकूर चुकलेला असतो.

"मामा, तुम्ही देवाला 'काढू का' विचारताय. आपली वस्तू काढ, असं कोण म्हणेल? 'तुझा लगाम तुझ्यापाशी ठेवू का' असं विचारा."

मामांनी तसं विचारलं. थोड्या वेळानं उजवा दाणा पडला. माझा कौलावर विश्वास आहे का, हे मला विचारू नका. पडला तेव्हा मी हात जोडलेले होते एवढं खरं.

भोरला वरातीच्या घोडेवाल्याकडून लहान मापाची गुळगुळीत कडी आणली. ज्याला चंद्री विकायची होती, तोच तो. उरलेले दहा दिवस सुमननं म्होरकी धरून घोडीला फिरवलं आणि मामा पाठीवर बसले. पडल्यापासून धसक्यानं ते लगाम आवळून धरायचे. सुमन चालता चालता म्हणायची, "मामा, हात सैल." सासऱ्याला हुकूम सोडणारी सून त्या वस्तीनं पहिल्यांदाच बघितली असेल.

यात्रेच्या दिवशी पितळी लगाम देवाच्या पायाशी होता. पाच फेऱ्या झाल्या. ढोल थांबेनात. चंद्री दारात उभी राहिली आणि भंडाऱ्याची उधळण सुरू झाली. मी नोकरीत कधी इतकी घाबरले नव्हते. घोडीच्या पापण्या पिवळ्या झाल्या, मामाही पिवळे झाले, पण जबडा हलला नाही. सदूभाऊंनी सगळ्यांदेखत तिच्या कपाळाला भंडारा लावला. विकायचा विषय तिथंच संपला.

दवाखान्याच्या रजिस्टरात मी आधीच लिहून ठेवलं होतं: "दाढांना धार. कानस मारली." त्याखाली लिहिलं: "वरील निदान चूक. दोष लगामाचा. निदान करणार: सुमन, सून."

तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, सून हे कुठलं पद?"

"घोडीला रोज पाणी पाजते, सर."

"हे खोडा."

"वरचं खोडू का, सर? चुकलंय ते."

साहेबांनी रजिस्टर मिटलं.

त्यानंतर कुठल्याही गोठ्यात गेले की जनावराला हात लावायच्या आधी मी विचारते, "हिला पाणी कोण पाजतं?" पुढे उभा असलेला बाप्या "मीच की" म्हणतो. मग मी विचारते, "कितीदा?" तो घराकडे तोंड करून हाक मारतो. ती हात पुसत बाहेर येईपर्यंत मी बॅग उघडत नाही.