पाचशेचा स्टँप आणि पावशेर पोहे

सकाळी अकराला पनवेलच्या आमच्या घरासमोर टॅक्सी थांबली. पांढऱ्या टोपीतली पंचाहत्तरीची एक बाई उतरली आणि थेट घराचे फोटो काढायला लागली. पुढच्या आठवड्यात बिल्डरबरोबर करार व्हायचा होता. विमानतळ आल्यापासून इथे कोण कधी वारस म्हणून उगवेल, नेम नाही. समोरच्यांकडे एक चुलतभाऊ 'सहज भेटायला' आला होता, मागोमाग नोटीस आली.

"काय पाहिजे?" मी दारातूनच खेकसले.

"बाई, मी ह्याच घरात जन्मले."

झालं! मराठी मात्र आपलंच, जुन्या वळणाचं. सहा वर्षांची असताना आईवडिलांबरोबर इस्रायलला गेली होती. आता मोठ्या बोटीच्या सहलीवर निघालेली. बोट एका दिवसापुरती मुंबईला लागली, बाकीचे गाइडबरोबर शहर बघायला गेले, ही एकटीच इकडे. तिच्या आईने जाताना नवस बोलला होता, सगळे सुखरूप राहिले तर येऊन मधल्या खोलीत मलिदा करीन. म्हणजे गूळ-खोबरं घातलेले पोहे, वर फळं आणि त्यांची, ज्यू लोकांची प्रार्थना. आईचं येणं झालंच नाही.

"दहा मिनिटं द्या. पोहे मी आणलेत."

घरात बसून पूजा, वर फोटो! उद्या कोर्टात ताबा म्हणून दाखवला तर? सासऱ्यांनी घर तिच्या वडिलांकडूनच विकत घेतलेलं, कागद चोख. तरी मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, सही घेतल्याबिगर आत नाय घ्यायची."

"घ्या की सही. मला घर कुठे न्यायचंय?" ती हसली. हसली म्हणून तर माझा संशय वाढला.

मुलगा पाचशेचा स्टँप पेपर आणायला धावला. "तोवर गाव बघते. दोनला निघायला हवं," असं म्हणून ती चालू लागली. मी घराला कुलूप घालून तिच्या मागे. कुठल्या वकिलाला भेटते बघू! ती खाडीकडे गेली. जुन्या बंदराच्या पायऱ्या शोधत राहिली, कोळणीला काही विचारलं, केळी घेतली आणि दगडावर बसून राहिली. नाटक करतेय, मी मनात म्हटलं.

परतलो तर टायपिस्ट जेवायला गेलेला. मग तिच्या वडिलांचं नाव चुकलं, पुन्हा टायपिंग. ती ओट्यावर बसून. पाणी तेवढं दिलं मी. दोनला पाच मिनिटं असताना कागद आला: माझा वा माझ्या वारसांचा या मिळकतीवर काहीही हक्क नाही. तिने चष्मा लावून वाचलं आणि सुबक मराठीत सही केली.

"या ना मावशी, आत या!" मी दार सताड उघडलं. केवढा गोड आवाज काढला मी, आठवलं की लाज वाटते.

टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. तिने उंबऱ्याबाहेरूनच वाकून मधली खोली पाहिली.

"बोट थांबायची नाही हो." केळी आणि पोह्यांची पिशवी तिने माझ्या हातात दिली. "तुम्हीच करा. घर तुमचं आहे."

करार झाला. वकिलाने तो कागद उघडलाही नाही. गरजच नव्हती, म्हणाला.

घर पाडायच्या आदल्या दिवशी मी मधल्या खोलीत बसले. पोहे भिजवले, गूळ-खोबरं घातलं, वर फळं मांडली, हात जोडले. पुढे काय म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं. तिला विचारायला तीन तास होते माझ्याकडे.