शालनकाकीचा रिव्हर्स

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, संघटनेतल्या मैत्रिणींना तर नाहीच. सभेत माईक हातात आला की मी तासभर बोलू शकते — पण हे चार वर्षं तोंडाबाहेर काढलेलं नाही. तुम्हालाच का सांगते? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी पत्रकं लिहिते. ‘बायांनो, स्टेअरिंग हातात घ्या!’ — आष्ट्याच्या आसपास पिवळ्या कागदावरचं हे पत्रक कधी तुमच्या हातात पडलं असेल, तर ते माझं. बाईनं शेतात ट्रॅक्टर चालवलेला घरच्यांना चालतो, डांबरीवर गाडी घातली की मात्र घराण्याची अब्रू जाते! हे मला तेव्हाही खपत नव्हतं, आताही खपत नाही. तेव्हा माझा राग खोटा होता असं समजू नका. खोटं दुसरंच होतं.

शालनकाकी आमच्या भावकीतली. माहेर मेढ्याकडचं, डोंगरातलं. नवरा फौजेत, वर्षातले दहा महिने बाहेर. मागं सगळा ऊस तिच्या अंगावर. ट्रॅक्टरची रिकामी ट्रॉली मागं घेत घेत बरोबर फडाच्या तोंडाला लावायची — गडीमाणसं कोयते थांबवून बघत राहायची. तिच्या बचत गटानं शेवया-चटण्या सांगलीला न्यायला छोटा टेम्पो घेतला, तेव्हा तो काकीनंच चालवायचा हे बायकांनी एका तोंडानं ठरवलं. अडलं होतं ते लायसनपाशी.

“परीक्षेची तयारी मी करून घेते” — असं मीच भर बैठकीत म्हणाले. टाळ्या पडल्या. टाळ्या मला आवडतात, हेही आता सांगून टाकते.

हंगाम संपलेला, कारखान्याचं पटांगण मोकळं. रंगाच्या रिकाम्या डब्यांत कामट्या रोवून आम्ही खुणा केल्या; सरावाला माझी गाडी. पुढं जायचं तर काकी लोण्यातून सुरी जावी तशी गाडी न्यायची. चढावर थांबवून पुन्हा उठवायला तर ती माझ्यापेक्षा बरी. सगळं घोडं अडायचं रिव्हर्सला. ट्रॉली मागं घेताना स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं — ट्रॉली डावीकडं न्यायची तर चाक उजवीकडं. काकीच्या हाताला वीस वर्षांची तीच सवय. ह्या गाडीमागं ट्रॉली नाही हे तिच्या डोक्याला कळायचं, हातांना कळायचं नाही.

“आगं, हात ऐकंनात माजं,” ती हसायची. “हिला एक ट्रॉलीच जोड बघू. मग दावते.”

आठ दिवस सराव करायचा ठरला होता. मी किती दिवस गेले? तीन. उरलेले पाच दिवस मी कुठं होते? शिराळ्याला एक सभा, आष्ट्यात दोन — बायकांनी गाडी शिकावी म्हणून भाषणं करत होते! गाडी माझ्याकडं, त्यामुळं काकीला एकटीला काही करताही येईना. तिचा रोज फोन. “येतीस का गं? चार डबं पाडल्याबगार मला काय यायचं न्हाई.” मी म्हणायचे, होईल काकी, तिथं तसंही कोण एवढं बघतंय? — मी म्हणायचे हे. लायसन नीट परीक्षा देऊनच घ्या असं ठळक अक्षरात छापणारी मी.

परीक्षेच्या दिवशी काकी इस्त्रीची साडी नेसून आली होती. मी आरटीओच्या मैदानाच्या दोरीबाहेर उभी. पुढचं सगळं छान झालं. रिव्हर्सला परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी डावीकडं घ्यायला सांगितलं, काकीच्या हातांनी चाक उजवीकडं फिरवलं, आणि खांब आडवा झाला. साहेबांनी आणखी एक संधी दिली — हे मी नंतर काढलेल्या पत्रकात नाही. दुसऱ्या खेपेला दोन खांब पडले. काकीनं गाडी बंद केली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली.

इथं आले की माझं पेन थांबतं. पण लिहायलाच बसले आहे ना?

साहेब खिडकीशी वाकले. “ट्रॉली चालवता काय ताई? मग असंच व्हणार. माझ्या वडलांचंबी असंच झालं हुतं. आठ दिवस मोकळ्यात सराव करा आणि या परत.” मी चार पावलांवर होते. शब्दन् शब्द ऐकला. काकी ओशाळून हसत उतरली आणि मला म्हणाली, “ऱ्हायलेलं पाच दिस दे आता मला.”

फाटकाशी गटाच्या बायका वाट बघत होत्या. काय सांगणार होते मी त्यांना? की मी शिकवलंच नाही? त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं — बाई म्हणून नापास केलं. बायका चिडल्या. मग मला थांबता आलं नाही — की थांबायचं नव्हतं? संध्याकाळपर्यंत पत्रक तयार होतं, आणि त्यात साहेबांच्या तोंडी एक वाक्य होतं: ‘बाईनं चुलीपुढं बसावं, स्टेअरिंगपुढं नाही!’

साहेब हे बोलले नव्हते. ते वाक्य मी रचलं. अंगणात खुर्ची टाकून, दोन शब्द खोडून, पुन्हा जुळवून रचलं. झकास जमलं म्हणून स्वतःवर खूशही झाले.

पत्रक फोनाफोनांवर फिरलं. मोर्चा निघाला, घोषणा मी दिल्या. साहेबांची चौकशी लागली. वरच्या अधिकाऱ्यांनी काकीला बोलावून विचारलं, साहेब असं बोलले का? मी शेजारच्याच खुर्चीत. काकीनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, “गाडी चालू हुती सायेब. आवाजात मला काय ऐकू आलं न्हाई.”

गाडी बंद होती.

चौकशी तशीच मिटली. साहेबांना मात्र मैदानावरून उचलून आतल्या टेबलाशी बसवलं. त्यांच्या मुलीला कॉलेजात ते वाक्य ऐकवतात, असं पुढं कानावर आलं. तेव्हा तरी बोलले का मी? नाही.

काकी परत परीक्षेला गेलीच नाही. मी म्हटलं, महिनाभर रोज येते, तू म्हणशील तेव्हा येते. ती म्हणाली, “माज्या नावानं त्या मानसाचं वाटुळं झालं. त्याच मैदानात कुटल्या तोंडानं उभी ऱ्हाऊ?” ‘तुझ्यामुळं’ असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणायला हवं होतं.

टेम्पो आता तिचा दीर चालवतो. काकी शेजारी बसते, बरण्या सांभाळत.

परवा गटातल्या एकीच्या घरी गेले होते. तिच्या मुलीनं गाडी शिकायचा विषय काढला. आजोबा पानाला चुना लावत होते, मान वर न करता म्हणाले, “सायेब काय म्हनला हुता शालनला? बाईनं चुलीपुढं बसावं. त्यो शिकलेला मानूस, उगंच म्हनंल का?” पोरगी माझ्याकडं बघायला लागली — मी काहीतरी बोलेन म्हणून.

माझ्या हातात चहाचा कप होता. मी चहा प्याले.