येते म्हणून गेलेली

ठकीच्या घरात 'जाते' हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती. परदेशी शिकायला निघताना, बॅगा गाडीत चढल्यावर ती गडबडीत "चला, जाते मी" म्हणाली, तर आत्याने तिला हाताला धरून परत घरात नेलं, खुर्चीवर बसवलं, पाणी पाजलं आणि "येते" असं नीट म्हणवून घेऊन मगच सोडलं. ड्रायव्हर बिचारा हॉर्न वाजवून थकला.

ठकी पपईवरच्या रोगांचा अभ्यास करायला गेली, तो देश बारमाही उकाड्याचा. अंघोळ करून बाहेर यावं, तर अंगावर पाणी आहे की घाम हेच कळू नये. तिथली भाषा तिने जिद्दीने शिकून घेतली. पण वाक्य आधी मराठीत जुळवायचं आणि मग शब्दाला शब्द ठेवत तिकडच्या भाषेत उतरवायचं, असा सगळा कारभार. त्यामुळे कुठूनही निघताना ती त्यांच्या भाषेत अगदी लाडाने सांगे, "बरं, येते हं!"

घरमालकीणबाई मग फाटकाला कडी न घालता ताटकळत बसायच्या. पोरगी गुणी आहे, पण विसराळू, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती.

तिला शिकवणाऱ्या मॅडम मात्र समजूत घालून घेणाऱ्यांतल्या नव्हत्या. चर्चा संपली की ठकी "येते" म्हणून उठे, आणि मॅडम टेबलावर कागद तसेच पसरलेले ठेवून, डबासुद्धा न उघडता तिची वाट बघत. ठकी तोवर बसमध्ये खिडकीची जागा धरून बसलेली. असं पुष्कळदा झालं. मॅडम आधी अबोल झाल्या, मग तुटक बोलू लागल्या.

ठकीने घाबरून घरी फोन लावला. "आई, माझं काहीतरी चुकतंय गं."

"उलट बोललीस का?"

"छे!"

"मग तशीच उठून चालायला लागत असशील. निघताना सांगतेस ना नीट?"

"रोज सांगते."

"मग झालं तर! त्यांचाच स्वभाव तिरका."

पुढच्या आठवड्यात स्वभाव तिरका झाल्याचं खरोखरच दिसलं. ठकीला तिच्या प्रयोगासाठी शेडनेट हवं होतं, म्हणजे बारीक जाळीची बंद खोली. ते मिळालं नाही तर प्रयोग नाही, आणि प्रयोग नाही तर बॅगा भरून घरी.

मॅडम म्हणाल्या, "नाही. दार जरा उघडं राहिलं तर माव्याचे किडे आत शिरून सगळी रोपं बसतील. जिच्या शब्दाचा भरवसा नाही, तिच्या हाती मी किल्ली देत नाही."

ठकीने वही मिटली. ती कशीबशी उठली आणि सवयीने म्हणाली, "बरं. येते."

मॅडमनी टेबलावर हात आपटला. "कधी? आज सांगच मला! किती वाजता येतेस?"

"आता? आता नाही येत."

"मग येते का म्हणालीस?"

"जातेय म्हणून."

ठकीने रडत, नाक पुसत, सगळी हकिगत आत्यासकट सांगितली.

"म्हणजे जाताना येते. आणि येताना काय म्हणता?"

"आले. पण जेवायला हाक मारली की 'आले, आले' म्हणतात, तेव्हा कुणीच आलेलं नसतं."

"अगं, मग तुम्ही 'जाते' म्हणता तरी कधी?"

ठकीने विचार केला. "ते आपण म्हणत नाही. मागे राहिलेले म्हणतात. गेली."

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "आणि मी उपाशी बसत होते, मुली!" असं म्हणत त्यांनी खणातली किल्ली तिच्यापुढे सरकवली.

दुपारभर ठकीने रोपं वाहून नेली, एकेक कुंडी ओळीत लावली, आतून दार ओढलं आणि जाळीला कुठे भोक नाही ना, ते बोटाने चाचपून पाहिलं. मग पालथ्या बादलीवर टेकली. आत भट्टी पेटल्यासारखं गरम होत होतं, अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि तरीसुद्धा कित्येक दिवसांत पहिल्यांदाच तिला मोकळा श्वास घेता येत होता.