मस्कतकाकूंची कोरडी कुंडी

मस्कतकाकूंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या स्वतः चिंब भिजत होत्या आणि छत्री एका कुंडीवर धरून उभ्या होत्या. डब्लिनच्या ब्युमॉन्टमध्ये आमच्या अगदी समोरचं घर. मी दारातूनच ओरडले, "अहो काकू, भिजताय तुम्ही!" त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं, "मला कुजायला अजून वेळ आहे गं. याला नाही." ओळख अशी झाली.

काकूंचं आडनाव आम्ही कोणी वापरलं नाही. काकांच्या नोकरीमुळे त्या वीसेक वर्षं मस्कतला राहिल्या, म्हणून मस्कतकाकू. काका तिथेच अचानक गेले. एकुलता एक मुलगा मिलिंद इथे डॉक्टर, अजून लग्न न झालेला, तो आईला डब्लिनला घेऊन आला. मी तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर आलेली, नोकरीची परवानगी नाही, दिवसभर खिडकीतून पाऊस बघणारी. आम्ही दोघी एकमेकींच्या वाट्याला आलो.

मस्कतच्या घराबद्दल त्या बोलत ते फक्त पुढच्या अंगणाबद्दल. तिथे त्यांनी लॉन उखडून टाकून खडी पसरली होती. कोरफड, घायपात, भिंतीवर बोगनवेल आणि दाराशी अडेनियम. ते काकांनी ओमानमधल्याच सलालाहून आणून स्वतः लावलेलं, बुंध्याशी चांगलं फुगलेलं. "ह्यांच्या पोटासारखं," काकू म्हणत. या सगळ्याला पाणी कुठलं, तर एसीचं ठिबकणारं. त्याखाली बादली, आणि त्या बादलीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. कॉलनीत नवीन आलेलं कुणी हौसेनं हिरवळ लावू लागलं की काकू घरी जाऊन सुनावत, "वाळवंटात लॉन म्हणजे तहानलेल्या माणसासमोर आंघोळ! झाड निवडताना आधी आभाळ बघावं, मग माती. आपली हौस सगळ्यांत शेवटी."

पाणी फेकवत नाही हा रोग त्यांच्याबरोबर डब्लिनला आला. बाहेर पाऊस कोसळतोय आणि ह्या तांदूळ धुतलेलं पाणी बादलीत साठवतायत. घालायचं कुणाला? शेवटी ते पातेल्यात घेऊन, भर पावसात, शेजारच्या मॉरीनच्या खिडकीतल्या जिरेनियमला नेऊन द्यायच्या. म्हाताऱ्या मॉरीनला आधी वाटलं, सूप आहे. कळल्यावर तिनं ते पाणी रीतसर जिरेनियमला घातलं आणि आभाळाकडे बघून म्हणाली, "सॉफ्ट डे, थँक गॉड." भुरभुर पावसाला इथे सॉफ्ट म्हणतात. सॉफ्ट कसला, तीन दिवसांचे कपडे वाळले नव्हते!

हसण्यासारखं होतं ते एवढंच. साड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणलेली त्यांची झाडं एकेक करून मरत होती. पहिल्या हिवाळ्यात कोरफडीचा चिखल झाला. दुसऱ्यात बोगनवेल काळी पडली. काकू रोज कुंड्यांपाशी बसून अंगठ्यानं बुंधे दाबून बघत. मऊ लागलं की कापायचं, हळद भरायची, हेअर ड्रायरनं माती वाळवायची. पुढच्या अंगणात लांब वायर ओढून मातीला हेअर ड्रायर मारणारी बाई आख्ख्या गल्लीनं पाहिली. एकदा मी चिडून म्हटलं, "काकू, जरा अतीच करता तुम्ही." त्या खाली बसल्या त्या उठेचनात.

"सगळ्या कॉलनीला 'आभाळ बघा, आभाळ बघा' म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या, "आणि मी हे कुठं घेऊन आले गं? घर कंपनीचं होतं, गाडी कंपनीची होती. ह्यांच्या हातचं एवढं अडेनियम उरलंय. ते पण माझ्या डोळ्यांदेखत कुजणार." मी ड्रायर हातात घेतला.

त्यानंतर अडेनियमची जागा हॉट प्रेसमध्ये झाली. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती जे कपाट असतं ते. टॉवेलांच्या वरच्या फळीवर कुंडी. ऊब होती, पण उजेड नाही, म्हणून सकाळी दारात आणि संध्याकाळी पुन्हा कपाटात. गुडघे दुखत असताना ती कुंडी त्या स्वतः उचलत. मिलिंद म्हणायचा, "आई, आय विल डू इट, यू आर ग्रँड." पण त्या द्यायच्या नाहीत.

आणि एका उन्हाळ्यात चक्क ऊन पडलं. लोक उघड्या अंगानं हिरवळीवर लोळले आणि काकूंच्या अडेनियमला कळ्या आल्या. डब्लिनला आल्यापासून पहिल्यांदा. काकूंनी माझा हात धरून मला ओढत नेलं. "भाद्रपदात ह्यांची तिथी आहे," त्या म्हणाल्या. "तोवर उमललं तर फोटोला हेच फूल." त्यांना इतकं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं. मला भीतीच वाटली.

पितृपंधरवड्याच्या तोंडावर लिमरिक गावी राहणाऱ्या त्यांच्या भाचीचं बाळ लवकर आलं. तिच्याजवळ कुणी नव्हतं, काकूंना जावंच लागलं. गाडीत बसतानाही त्या मिलिंदला बजावत होत्या, "सकाळी दारात, संध्याकाळी प्रेसमध्ये. पाणी अजिबात नाही. थेंब नाही!" मिलिंदनं आईची शपथ घेतली आणि ती पाळलीसुद्धा. ड्युटीवर जाण्याआधी कुंडी उचलून ठेवताना तो मला रोज दिसत होता.

काकू तिथीच्या आदल्या दिवशी परतल्या. मिलिंद हॉस्पिटलमध्ये होता. मी त्यांची बॅग आत ठेवते तोवर त्या कुंडीपाशी पोचल्या होत्या. कळ्या खाली गळून पडल्या होत्या. काकूंनी बुंध्यावर अंगठा टेकवला आणि तो आत गेला. पिकल्या केळ्यात जावा तसा.

मातीवरच्या खडीत काळे तीळ होते.

आम्हा दोघींना एकदमच समजलं. पोरगं रोज सकाळी आंघोळ करून बापाचं तर्पण करत होतं. तिळाचं ते पाणी बेसिनमध्ये कसं ओतायचं? ते झाडाच्या मुळाशीच घालायचं असतं. आणि घरात झाड होतं ते एकच, त्यातून वडिलांनी लावलेलं. आईनं पाण्याला बंदी केली होती. तर्पण म्हणजे पाणी घालणं, हे त्याच्या मनातही आलं नसणार.

काकू रडल्या नाहीत. पायरीवर बसून त्यांनी खडीतला एकेक तीळ वेचला आणि पदराच्या टोकात बांधला. मी म्हटलं, "काकू, सांगायला हवं त्याला." त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "बापाला पाणी दिलं त्यानं. त्याला काय सांगू?" संध्याकाळी मिलिंद आल्या आल्या विचारू लागला, "आई, कळ्या गळाल्या बघ. फूल येईल ना?" काकू पुरणाला चटका देत होत्या. पाठ न वळवता म्हणाल्या, "थंडीनं गेलं रे ते. इथली थंडी त्याला सोसली नाही."

त्याच हिवाळ्यात त्या पुण्याला बहिणीकडे परत गेल्या. मिलिंदनं खूप अडवलं. विमानतळावर मला म्हणाल्या, "आभाळ बघायला हवं होतं गं." दुसऱ्या वर्षी त्या गेल्याचा फोन आला. साधा ताप, आणि दोन दिवसांत आटोपलं. मला त्या दिवशी स्वयंपाक सुचला नाही.

पुढच्या भाद्रपदात मी सकाळी दार उघडलं तर समोर, त्यांच्या दारात, मिलिंद. पाऊस लागलेला. हातात ताम्हन, आता दोघांचं तर्पण केलेलं. ती रिकामी कुंडी त्यानं टाकली नव्हती. तिच्यात तो ते पाणी ओतत होता आणि कुंडीतून ते पायरीवर वाहत होतं. मला बघून तो थांबला. त्याच्या बोटांना तीळ चिकटले होते, आणि तो त्यांच्याकडेच बघत होता.

"वहिनी," त्यानं विचारलं, "आई तेव्हा म्हणाली, झाड थंडीनं गेलं. खरंच थंडीनंच गेलं ना?"

मी छत्री उघडली, रस्ता ओलांडला आणि त्याच्या डोक्यावर धरली.

"थंडीनंच," मी म्हटलं. "मी होते ना तिथे."